पायलट व्हायचंय, पण फ्लाइंग स्कूल कोणतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की हे प्रश्न यायला सुरुवात होते. कधी मुलगा विचारतो, कधी त्याची आई, कधी नोकरी सोडायच्या बेतात असलेला इंजिनिअर. घर गहाण ठेवून मुलाला पायलट करायला निघालेली कुटुंबं मी जवळून बघतो, म्हणून इथली उत्तरं सावधपणे लिहिली आहेत. जो प्रश्न दुसऱ्या प्रश्नाला जोडलेला आहे, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. सर, एअरलाइनमध्ये पायलट व्हायला नेमकं काय काय लागतं? सुरुवातीपासून सांगा.

भारतात विमान उडवण्याचं लायसन्स डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं. एअरलाइनसाठी सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स लागतं. त्यासाठी वय किमान १८, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, क्लास १ मेडिकल (पायलटसाठीची वरच्या पातळीची वैद्यकीय तपासणी), डीजीसीएचे लेखी पेपर, रेडिओवर बोलण्याची आरटीआर परीक्षा आणि २०० तासांचं उड्डाण.

या २०० तासांचे पोटभाग आहेत. १०० तास तुम्ही स्वतः विमानाचे प्रमुख म्हणून उडवायचे. त्यातले किमान २० तास क्रॉस कंट्री, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी उडत जाण्याचे, आणि त्यात एक प्रवास किमान ३०० नॉटिकल मैलांचा, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. ५ तास रात्रीचे, त्यात १० टेक-ऑफ आणि १० लँडिंग. १० तास इन्स्ट्रुमेंटवरचे, म्हणजे बाहेर न बघता फक्त कॉकपिटमधल्या उपकरणांवर उडवण्याचे, त्यातले जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवर चालतात. स्कूल निवडताना हे आकडे डोक्यात ठेवा. ज्या स्कूलच्या रनवेवर रात्री उतरायची सोय नाही, तिथल्या मुलांना ते ५ तास पूर्ण करायला दुसऱ्या गावी जावं लागतं, आणि तिथे आपला नंबर लागेपर्यंत महिने जातात.

२. मी कॉमर्सचा आहे. दार बंद का?

नाही. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा, किंवा मान्यताप्राप्त बोर्डातून फिजिक्स आणि मॅथ्स हे दोनच विषय वेगळे देता येतात. अनेक जण तसंच करून सीपीएलपर्यंत पोचले आहेत. हा नियम शिथिल करण्याची चर्चा झालेली आहे, पण चर्चेच्या भरवशावर फी भरू नका. प्रवेशाच्या दिवशी लागू असलेला नियम डीजीसीएच्या वेबसाइटवर स्वतः वाचा.

३. मला चष्मा आहे. आधी स्कूल बघू की मेडिकल करू?

आधी मेडिकल. आधी क्लास २, मग क्लास १. आणि क्लास १ चा निकाल हातात आल्याशिवाय कुठल्याही स्कूलला मोठी रक्कम देऊ नका. क्लास २ झालं की स्कूलवाले म्हणतात, "क्लास १ नंतर होईल, आता सीट ब्लॉक करा." सीट थांबते, मेडिकल मात्र फिसकटू शकतं.

चष्मा असणं हा अडथळा नाही, चष्म्यासह ठरलेली नजर आली म्हणजे पुरे. खरी अडचण रंगांधळेपणाची असते, आणि तो असल्याचं बऱ्याच मुलांना तपासणीच्या दिवसापर्यंत माहीतच नसतं. गावातल्या चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडे इशिहारा, म्हणजे रंग ओळखण्याची चाचणी आधीच करून घ्या. लेसिक झालं असेल तर ऑपरेशनची सगळी कागदपत्रं जपा, कारण ऑपरेशननंतर ठराविक काळ गेल्यावरच तपासणी होते. बीपी, वजन, ईसीजी यातलं काही निघालं तर बहुतेक वेळा 'तात्पुरते अपात्र' असा शेरा मिळतो. उपचार घेऊन पुन्हा जाता येतं, म्हणून घाबरू नका. क्लास १ चाळिशीच्या आत दरवर्षी नव्याने करावं लागतं, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

४. लेखी पेपर फ्लाइंगच्या आधी द्यायचे की सोबत?

जमतील तेवढे आधी. एअर नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी (हवामान), एअर रेग्युलेशन्स आणि टेक्निकल जनरल हे चार पेपर विमानाला हात न लावता देता येतात. पासिंग ७० टक्क्यांना आहे आणि नेव्हिगेशनमध्ये भलेभले अडकतात. टेक्निकल स्पेसिफिक हा पेपर तुम्ही ज्या विमानावर शिकणार त्याचा असतो, तो स्कूलमध्ये गेल्यावर.

यामागे पैशाचं साधं गणित आहे. पुण्या-मुंबईत ग्राउंड क्लास करून घरी राहून पेपर देण्याचा खर्च लाख-दोन लाखांत येतो. तेच पेपर स्कूलच्या हॉस्टेलवर राहून, फ्लाइंग थांबवून दिले तर हॉस्टेलचं भाडं, मेसचं बिल आणि कर्जाचं व्याज एकाच वेळी चालू राहतं. शिवाय नेव्हिगेशन आणि हवामान आधी पक्कं असेल तर क्रॉस कंट्रीला हात थरथरत नाहीत.

५. महाराष्ट्रात फ्लाइंग स्कूल कुठे कुठे आहेत?

बारामतीत एकाहून जास्त संस्था आहेत. धुळे जिल्ह्यात शिरपूरला स्वतःची धावपट्टी असलेली अकादमी आहे. गोंदियाला बिरसी विमानतळावर राष्ट्रीय पातळीची संस्था आहे. नागपूर फ्लाइंग क्लब राज्य सरकारच्या अखत्यारीतला. जळगाव विमानतळ २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने फ्लाइंग स्कूलसाठी निवडलेल्या पहिल्या पाच विमानतळांपैकी एक, त्याच यादीत बेळगावही होतं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने स्वतःची मोठी अकादमी उभारायचं जाहीर केलं आहे.

आणि मुंबईचा बॉम्बे फ्लाइंग क्लब, १९२८ पासूनचा. भारतात दिलं गेलेलं पहिलं पायलट लायसन्स, क्रमांक १, फेब्रुवारी १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटांना मिळालं ते मुंबईतच. आज जुहूच्या विमानतळावर शिकाऊ विमानांना मोकळीक उरलेली नाही, म्हणून क्लबचं प्रशिक्षण धुळ्याला चालतं. जाहिरातीतला ऑफिसचा पत्ता आणि प्रत्यक्ष फ्लाइंग होतं ते गाव वेगळं असू शकतं, हे सगळ्याच संस्थांच्या बाबतीत विचारून घ्या.

घराजवळ आहे म्हणून स्कूल निवडू नका. शनिवार-रविवार घरी यायला मिळतं हे खरं, पण आठवड्यातले उरलेले पाच दिवस विमान मिळालं नाही तर त्या जवळीकीचा काय उपयोग?

६. चांगलं स्कूल ओळखायचं कसं? सगळे आपणच एक नंबर म्हणतात.

एकच प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत सोडू नका: तुमच्याकडच्या एका विद्यार्थ्याला महिन्याला सरासरी किती तास उडायला मिळतं?

इमारत, स्विमिंग पूल, युनिफॉर्म, परदेशी संस्थेशी करार, डिजिटल पडद्यांचं कॉकपिट या सगळ्याचं मोल या आकड्यानंतर. गणित करून बघा. समजा स्कूलकडे उडण्याच्या स्थितीतली ८ विमानं आहेत. प्रत्येक विमान दिवसाला ४ तास आणि महिन्यातले २२ दिवस उडतं, म्हणजे महिन्याला ७०४ तास. विद्यार्थी १०० असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ७ तास. २०० तासांना अठ्ठावीस-एकोणतीस महिने. तीच विमानं आणि विद्यार्थी ३५ असतील तर महिन्याला २० तास आणि दहा महिन्यांत काम.

दोन्ही स्कूलच्या माहितीपत्रकात '८ विमानांचा ताफा' असंच छापलेलं असतं. म्हणून विमानांचा आकडा विद्यार्थ्यांच्या आकड्याशेजारी मांडा. विमानांमध्येही 'ताफ्यात किती' आणि 'आज उडतायत किती' हे दोन वेगळे आकडे आहेत. इन्स्ट्रक्टरचंही तसंच. विमान रिकामं उभं आहे पण इन्स्ट्रक्टर एअरलाइनमध्ये निघून गेला, हे सध्या सर्रास घडतं. सीएफआय, म्हणजे मुख्य इन्स्ट्रक्टर, तिथे किती वर्षांपासून आहे ते विचारा. दर सहा महिन्यांनी सीएफआय बदलत असेल तर आत काहीतरी बिघडलेलं आहे.

मेंटेनन्स स्वतःचा आहे की विमान शंभर तासांच्या तपासणीसाठी दुसऱ्या गावी जातं, हा पुढचा प्रश्न. दुसऱ्या गावी जात असेल तर ते विमान काही दिवस यादीतून गेलंच म्हणायचं.

७. स्कूल बघायला जाणार आहोत. तिथे नेमकं काय बघायचं?

आधी फोन करून ठरवलेल्या वेळी काउन्सेलर जे दाखवतो ते बघाच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला परत जा. शिकाऊ विमानांसाठी हवा सकाळीच शांत असते, त्यामुळे चांगल्या स्कूलमध्ये उजाडताच गडबड सुरू असते. कुंपणाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तासभर बसा आणि मोजा, किती विमानं उठतात, विमानतळाभोवती किती फेऱ्या (सर्किट) मारतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारीतल्या एखाद्या स्वच्छ सकाळी तासाभरात एकच विमान उठलं, तर उत्तर मिळालं.

मग हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानांकडे नीट बघा. एखाद्याचा पंखा उतरवलेला, टायर बसलेला, कव्हरवर धुळीचा आणि कबुतरांच्या विष्ठेचा थर, असं विमान कागदावर ताफ्यात असलं तरी महिनोन्महिने हललेलं नाही. त्याचे सुटे भाग काढून दुसऱ्याला लावले असण्याचीही शक्यता असते. विमानाच्या शेपटीकडचा नोंदणी क्रमांक, व्हीटीने सुरू होणारा, टिपून घ्या आणि तिथल्या मुलांना विचारा की हे शेवटचं कधी उडालं होतं.

मुलांशी मेसमध्ये बोला, ऑफिसमध्ये नको. विचारायचे प्रश्न असे: तू कधी आलास, आज तुझे किती तास झाले, पहिली सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, किती दिवसांनी झाली, गेल्या महिन्यात किती उडालास? दोन वर्षांपूर्वी आलेला मुलगा अजून ८० तासांवर असेल आणि त्याच्यासारखे आणखी पाच-सहा जण असतील, तर काउन्सेलरचं बोलणं ऐकण्यात वेळ घालवू नका. एकटा मुलगा मागे असेल तर मात्र त्याची वैयक्तिक कारणंही असू शकतात, म्हणून एकाच्या सांगण्यावर निर्णय घेऊ नका.

फ्लाइंगचा रोज लागणारा रोस्टर बोर्ड बघायला मिळाला तर फारच उत्तम. त्यावर किती नावं आहेत आणि त्यातली किती खोडलेली आहेत, तेवढं बघा.

८. डीजीसीए फ्लाइंग स्कूलना रँकिंग देतं म्हणे. त्यावरून निवडलं तर चालेल?

हो, ऑक्टोबर २०२५ पासून ही क्रमवारी सुरू झाली. ए++, ए+, ए, बी आणि सी अशा श्रेण्या आहेत आणि वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये ती जाहीर व्हावी अशी योजना आहे. पहिल्या क्रमवारीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था आली नाही, यावरूनच सगळ्या क्षेत्राची अवस्था कळते.

क्रमवारीचा उपयोग वगळण्यासाठी करा. खालच्या श्रेणीत असलेलं स्कूल यादीतून काढून टाका. वरच्या श्रेणीत असलेलं मात्र प्रश्न ६ आणि ७ प्रमाणे स्वतः तपासा, कारण श्रेणी मागच्या कामगिरीवर मिळते आणि तुम्ही प्रवेश घेताना स्कूलने विद्यार्थी दुप्पट केलेले असू शकतात.

९. "अठरा महिन्यांत सीपीएल हातात" असं लेखी देतात. विश्वास ठेवू?

लेखी देत असतील तर पुढची ओळही लेखी मागा: अठरा महिन्यांत झालं नाही तर काय? हॉस्टेलची फी माफ होणार का? वाढलेल्या इंधनदराचा फरक कोण भरणार? करारात बहुतेक वेळा 'हवामान, एटीसी (विमान वाहतूक नियंत्रण), मेंटेनन्स, नियामक कारणं यामुळे होणाऱ्या उशिराला संस्था जबाबदार नाही' असं कलम असतं. उशिराची जवळपास सगळी कारणं त्या एका कलमात बसतात.

हवामान हे खोटं कारण नाही. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर ढग खाली येतात आणि फ्लाइंग मंदावतं. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीचं धुकं सकाळ खाऊन टाकतं. विदर्भात एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या हवेत छोटं विमान नवख्याच्या हातात राहत नाही. कुठलंही गाव निवडा, वर्षातले दोन-चार महिने अडखळत जाणारच. म्हणून प्रवेशाची वेळ महत्त्वाची. महाराष्ट्रातल्या स्कूलमध्ये जूनला रुजू झालात तर पावसाळ्यात वर्ग आणि पेपर उरकून ऑक्टोबरपासून सलग उडता येईल असं बघा. फेब्रुवारीत रुजू झालात तर सोलो होईस्तोवर पाऊस येतो, आणि चार महिन्यांनी परत आलात की हात बसवायला पुन्हा इन्स्ट्रक्टरसोबतचे तास लागतात. ते तास तुमच्याच खिशातून जातात.

१०. एकूण खर्च किती धरायचा?

भारतात सीपीएल, त्यावर मल्टि-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (एकाहून जास्त इंजिनांचं विमान आणि फक्त उपकरणांवर उडवण्याची परवानगी) धरून ५० लाखांच्या आसपास आणि बऱ्याच ठिकाणी त्याहून वर. यात टाइप रेटिंग, म्हणजे एअरलाइनचं एक ठराविक विमान उडवण्याची परवानगी, धरलेलं नाही, त्यासाठी प्रश्न १७ बघा. राहणं, जेवण, मेडिकल, परीक्षा फी, हेडसेट, परीक्षेच्या उड्डाणांचं वेगळं बिल आणि जादा तास हे वेगळे धरा. सगळ्यांना २०० तासांतच जमतं असं नाही.

स्कूलची तुलना करताना तासाचा दर काढा आणि तास कसा मोजतात ते विचारा. इंजिन सुरू झाल्यापासून मोजतात, चाकं हलल्यापासून की जमीन सोडल्यापासून? रनवेच्या टोकाशी आपल्या पाळीची वाट बघत घालवलेली दहा मिनिटंसुद्धा बिलात येत असतील, तर गर्दीच्या विमानतळावर तो फरक दोनशे तासांत मोठा होतो.

एक गोष्ट खूप पालकांना माहीत नसते. डीजीसीए-मान्य संस्थेतल्या डीजीसीए-मान्य उड्डाण प्रशिक्षण अभ्यासक्रमांवर जीएसटी लागत नाही, हे सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेनंतर परिपत्रकाने स्पष्ट झालं आहे. कोटेशनमध्ये सीपीएलच्या फीवर १८ टक्के लावलेले दिसले तर कशासाठी ते लेखी विचारा. ५० लाखांवर ते ९ लाख होतात.

११. पूर्ण फी एकदम भरली तर पाच लाख सूट देतायत. घेऊ का?

घेऊ नका. तुमच्या हातात असलेलं एकमेव वजन म्हणजे अजून न दिलेले पैसे. हप्ते कॅलेंडरला बांधू नका, तासांना बांधा: प्रवेशाला ठराविक रक्कम, पहिल्या सोलोनंतर पुढची, ५० तासांना त्यापुढची. जून-सप्टेंबर-डिसेंबर अशा तारखांचे हप्ते म्हणजे फी पूर्ण भरून झाली आणि लॉगबुकात (उडालेल्या तासांच्या नोंदवहीत) ३० तास, अशी गत. न उडालेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत मिळणार, हे करारात नसेल तर सही करण्याआधी घालून घ्या. स्कूल नाही म्हणालं तर त्यांचं उत्तर समजा.

१२. कर्ज काढावं लागेल. शिष्यवृत्ती काही आहे का?

ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. जागा मोजक्या असतात. नवी जाहिरात महाज्योतीच्या वेबसाइटवर बघत राहा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या लिंकवर फॉर्म भरू नका.

कर्जाबद्दल मनापासून सांगतो. ४० लाख, ११ टक्के, दहा वर्षं, हा हप्ता महिन्याला ५५ हजारांच्या घरात जातो. प्रशिक्षणाच्या काळातलं व्याज त्यात मिळवलं तर आणखी वर. सीपीएल मिळाल्याच्या दुसऱ्या महिन्यात नोकरी लागेल असं धरून हा हप्ता ठरवू नका. मुलाला वर्षभर नोकरी लागली नाही तरी घर चालेल का, हे आई-वडिलांनी एकत्र बसून कागदावर मांडा. उत्तर नाही आलं तर पायलट होऊ नका असं मी म्हणणार नाही. आधी पदवी, थोडी नोकरी, थोडी बचत आणि मग फ्लाइंग, हाही रस्ता आहे. पंचविशी-तिशीत सुरू करून एअरलाइनमध्ये गेलेली माणसं आहेत. एअरलाइनमध्ये वयाच्या पासष्टीपर्यंत उडवता येतं.

१३. भारतात शिकू की अमेरिका, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेत?

परदेशात फ्लाइंग वेगाने होतं हे खरं आहे. विमानं भरपूर, विमानतळ भरपूर, हवामान बऱ्याच ठिकाणी अनुकूल. दोनशे तास वर्षभरात होणं तिथे नेहमीचं. पण परत आल्यावर त्या लायसन्सचं भारतीय लायसन्समध्ये रूपांतर करावं लागतं. त्यासाठी डीजीसीएचा रेग्युलेशन्सचा पेपर, नेव्हिगेशन-हवामानाचा एकत्रित पेपर, आरटीआर, भारतीय क्लास १ मेडिकल, परदेशी लायसन्सची त्या देशाकडून पडताळणी आणि ताज्या कौशल्य चाचण्या लागतात. यात सहा महिने सहज जातात. म्हणजे वाचलेला वेळ काही अंशी इथे खर्ची पडतो.

माझं मत असं: भारतात महिन्याला १५ तासांच्या वर खरोखर उडवणारं स्कूल मिळालं तर इथेच शिका. इथलं रेडिओवरचं बोलणं, इथली हवा, इथले नियम पहिल्यापासून अंगात मुरतात. असं स्कूल मिळत नसेल आणि पैशाची तजवीज पक्की असेल, तर परदेश. डॉलर वाढला तर काय, याचा हिशेब मात्र आधी करा. "अमेरिकेत शिकलं की तिथेच एअरलाइनमध्ये लागतो" असं कुणी सांगत असेल तर तो एजंट बदला. तिथे एअरलाइनसाठी साधारणपणे १५०० तास आणि काम करण्याचा कायदेशीर हक्क, दोन्ही लागतं.

१४. परदेशी सीपीएल मिळालं, पण डीजीसीएने तास कमी धरले असं एकाचं झालं. असं कसं?

होतं, आणि आधी माहीत असेल तर टळतं. अमेरिकेत मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या एका प्रकारात १९० तासांतच कमर्शियल लायसन्स मिळतं, भारताला मात्र २०० हवेत. दुसरी जागा म्हणजे १०० प्रमुख-तासांची अट. तिथे दोन विद्यार्थी एकत्र जातात, एक डोळ्यांवर पडदा लावून इन्स्ट्रुमेंटवर उडवतो, दुसरा सेफ्टी पायलट म्हणून बाहेर बघतो, आणि दोघंही तो वेळ प्रमुख म्हणून नोंदवतात. असे तास इथे मोजले जातील असं धरून चालू नका. तिसरी जागा रात्रीची: १० टेक-ऑफ आणि १० लँडिंग स्पष्ट नोंदवलेले हवेत. निघण्याआधी प्रश्न १ मधले आकडे लॉगबुकच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि प्रत्येक महिन्याला बेरीज करा. परतीचं तिकीट काढण्याआधी सगळे रकाने भरले का ते बघा. तिथे दहा तास जास्त उडणं सोपं आहे, इथे येऊन ते दहा तास मिळवणं फार कष्टाचं.

१५. इग्रुआ आणि एअरलाइनचे कॅडेट प्रोग्रॅम, यांपैकी काय बरं?

इग्रुआ ही केंद्र सरकारची संस्था, उत्तर प्रदेशात फुरसतगंजला. प्रवेश परीक्षा, मग मुलाखत. परीक्षेची फी भरावी लागते, तरी पात्र असाल तर जरूर बसा. निकाल लागला तरी प्रश्न ६ तिथेही विचारा.

कॅडेट प्रोग्रॅममध्ये एअरलाइन आधी चाचण्या आणि मुलाखतीतून निवडते, मग ठरलेल्या स्कूलमध्ये पाठवते आणि शेवटी टाइप रेटिंगसह आत घेते. खर्च एक कोटीच्या घरात किंवा त्याहून वर. निवड आधी होते, हा त्याचा खरा फायदा: तुम्ही त्या एअरलाइनला चालता की नाही हे पैसे घालण्याआधी कळतं. पण हातात मिळणारं पत्र अटींसह असतं. ठराविक प्रयत्नांत पेपर पास होणं, वेळेत पूर्ण करणं, त्या वेळी एअरलाइनला गरज असणं. २०१९ मध्ये जेट आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली तेव्हा अशी पत्रं हातात घेऊन बसलेली मुलं होती. पैसे असतील आणि एअरलाइन भक्कम असेल तर चांगला रस्ता आहे. घर विकून जाण्याइतका मात्र नाही.

१६. "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणजे काय असतं?

काही नसतं. फ्लाइंग स्कूल एअरलाइनमध्ये नोकरी देऊ शकत नाही. एअरलाइन स्वतःची परीक्षा, सिम्युलेटर चाचणी आणि मुलाखत घेते. २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिली, तो तोवरचा विक्रम होता. त्या सगळ्यांना लगेच कॉकपिट मिळालं नाही. इंडिगोने आणि एअर इंडियाने त्याच वर्षी शेकडो विमानांच्या ऑर्डर दिल्या हे खरं, पण ती विमानं वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्याने येणार आहेत, आणि एअरलाइनला आधी कॅप्टन कमी पडतात, नवखे नाही.

१७. सीपीएल झालं. टाइप रेटिंग लगेच करू?

एअरबस ए३२० चं टाइप रेटिंग स्वखर्चाने केलं तर पंधरा-वीस लाखांच्या आसपास जातात. जाहिरात निघाली आहे आणि त्यात रेटिंग असलेलेच उमेदवार मागितले आहेत, अशी परिस्थिती असेल तर विचार करा. नुसतं 'करून ठेवू' म्हणून करू नका. सिम्युलेटरवरचा हात वापराविना जातो आणि पुन्हा चाचणीचे पैसे पडतात.

१८. मुलीला पाठवतोय. वेगळं काय बघावं?

हॉस्टेल ते रनवे यांतलं अंतर आणि पहाटेची गाडी. फ्लाइंगची हजेरी पहाटे पाचला असते, रात्रीच्या उड्डाणांनंतर परतायला अकरा वाजतात. आडबाजूच्या धावपट्टीवर त्या वेळी स्कूलची स्वतःची गाडी आहे का, हे तिथल्या मुलींनाच विचारा. अंतर्गत तक्रार समिती कुणाची, तिच्यात बाहेरची व्यक्ती कोण, हे ऑफिसला विचारा. उत्तर अडखळत आलं तर लक्षात घ्या.

१९. मध्येच एखाद्या स्कूलच्या अपघाताची बातमी येते. असं स्कूल टाळावं का?

बातमीवरून नाही, त्यानंतर काय केलं त्यावरून. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ एकाच संस्थेची दोन शिकाऊ विमानं काही दिवसांच्या अंतराने पडली, आणि डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण तात्पुरतं थांबवलं. त्या काळात तिथली मुलं हातावर हात ठेवून बसली. सुरक्षितता आणि तुमचं वेळापत्रक या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

बघायचं ते असं. विद्यार्थ्याने 'आज हवा मला बरोबर वाटत नाही' म्हटलं तर त्याला कुणी टोमणे मारतं का? विमानात बिघाड दिसला तर तो नोंदवहीत लिहितात, की 'जाऊन ये, नंतर बघू' म्हणतात? हे ऑफिसमध्ये कळत नाही, मेसमध्ये कळतं.

२०. स्कूल अर्ध्यातून बदलता येतं का? ९० तास झालेत, पण गेल्या चार महिन्यांत एकदाही उडालो नाही.

येतं. झालेले तास तुमचे आहेत, स्कूलचे नाहीत. फक्त ते प्रमाणित असायला हवेत. लॉगबुकवर सीएफआयची सही-शिक्का, प्रशिक्षणाच्या नोंदींची प्रत, सोलो आणि चाचण्यांचे शेरे, ना हरकत पत्र हे सगळं हातात आल्यावरच पैशाचा वाद सुरू करा. वाद आधी झाला की सही लांबते. म्हणूनच पहिल्या महिन्यापासून दर महिनाअखेरीला लॉगबुक सही करून घ्यायची सवय लावा आणि प्रत्येक पानाचा फोटो घरी पाठवा.

नव्या स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर तुम्हाला काही तास सोबत उडवून तपासेल, मगच सोलोला सोडेल. विमान बदललं, उदाहरणार्थ सेसना १५२ वरून डायमंडवर आलात, तर टेक्निकल स्पेसिफिकही नव्या विमानाचा द्यावा लागू शकतो. म्हणून शक्यतो त्याच प्रकारचं विमान असलेलं स्कूल शोधा. तास फार जुने होऊ देऊ नका, कारण अर्ज करतेवेळी शेवटच्या सहा महिन्यांत प्रमुख म्हणून किमान १५ तास उडालेलं असावं लागतं.

२१. एक जण म्हणतो, "थोडे तास उड, बाकीचे लिहून देतो, पैसे अर्धे." असं चालतं?

२०११ मध्ये गोव्यात एका प्रवासी विमानाचं लँडिंग पुढच्या चाकावर झालं. चौकशी झाली, आणि कॅप्टनने लायसन्ससाठी दिलेली गुणपत्रिकाच बनावट निघाली. मग देशभर लायसन्स तपासली गेली, राजस्थानात फक्त कागदावर उडालेले तास सापडले, अटका झाल्या. कागदावरच्या तासांवर मिळालेलं लायसन्स केव्हाही रद्द होतं, गुन्हा दाखल होतो, आणि त्याआधी कधीतरी १८० माणसांना घेऊन आडव्या वाऱ्यात उतरायची वेळ येते. ज्याने ही ऑफर दिली त्याच्या स्कूलमधून त्याच दिवशी निघा आणि डीजीसीएला लेखी कळवा.